'मिळेल त्याच्याशी लग्न कर आणि मूल पदरात पाडून घे' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी भाची 36 वर्षांची आहे. पुण्यात नोकरी करते, लग्न केलेलं नाही. आपल्याला मूल हवं आहे का, आणि हवं असेल तर कुठल्या मार्गाने, याचा ती बरेच दिवस शांतपणे विचार करते आहे. मध्येच आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडला. वर लिहिलेलं, 'एकट्या राहणाऱ्या प्रत्येक मुलीला पाठवा', आणि खाली सही 'एक अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ'. नाव नाही, गाव नाही. ग्रुपवर आला तेवढ्याने भागलं नाही, काही नातेवाइकांनी तो तिला वेगळा पाठवला. कुणी पुढे हात जोडलेले, कुणी 'विचार कर गं'. रात्री तिचा फोन आला, "मावशी, यातलं खरं किती?"

मी आधी कौटुंबिक न्यायालयात येणाऱ्या जोडप्यांचं समुपदेशन करायचे आणि नंतर बरीच वर्षं दत्तक प्रक्रियेत समाजसेविका होते. घरोघरी जाऊन होम स्टडी करणं, म्हणजे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांचं घर आणि परिस्थिती पाहणं, हेच माझं काम. त्यामुळे हा मेसेज वाचून मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. तिशीनंतर अंडी संपतात आणि पस्तिशीनंतर मतिमंद मूलच होतं. अविवाहित बाईवर उपचार केले तर डॉक्टर तुरुंगात जातो. एकटीला दत्तक मिळालंच तर अपंग मूल मिळतं. बापाचं नाव नसेल तर जन्मदाखला नाही, शाळा नाही, पासपोर्ट नाही. बाप नसलेली मुलं गुन्हेगार होतात. हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. आई गेल्यावर त्या मुलाचं कोण? आणि या सगळ्यावर उपाय म्हणून शेवटचा सल्ला: 'मिळेल त्याच्याशी लग्न करा, मूल पदरात पाडून घ्या, नंतर नाही पटलं तर वेगळं होता येतं.'

हा शेवटचा मुद्दा मी आधी घेते, कारण सगळ्यांत घातक तोच आहे आणि घरातली मोठी माणसं नेमक्या त्यालाच माना डोलावत आहेत.

नाही पटलं तर वेगळं होता येतं, असं म्हणणाऱ्याने मूल असलेल्या जोडप्याचं वेगळं होणं कधी जवळून पाहिलेलं नाही. माझ्यासमोर एक सात वर्षांचा मुलगा यायचा. त्याच्या शाळेच्या डायरीत पालकांच्या सूचनांचं पान असतं ना, त्या पानावर आई-बाप एकमेकांना उत्तरं लिहायचे. 'शनिवारी ताप असताना पाठवलं', त्याखाली 'ताप नव्हता, खोटं लिहू नये', त्याखाली पुन्हा काहीतरी. बाई वर्गात डायऱ्या गोळा करायच्या तेव्हा हा डायरी हरवली म्हणून सांगायचा. दप्तराच्या तळाशी, पुठ्ठ्याखाली लपवून ठेवलेली असायची. ते दोघं वाईट माणसं नव्हती. वय वाढलं, आता उशीर नको, म्हणून घाईने जुळवलेलं लग्न होतं ते, आणि मूल लगेच झालं होतं. ताबा, भेटीचे दिवस, पोटगी, शाळा कुणी निवडायची, सुट्टीत कुणाकडे राहायचं, यात त्या मुलाची वर्षं गेली.

आणि ज्या पुरुषाशी 'मूल पदरात पाडून घेण्यापुरतं' लग्न करायचं, त्याचं काय? तो संसार करायला आलेला असतो. त्याला हे सांगितलेलं नसतं. कुणाच्या मुलाशी असं वागायचा सल्ला आपण आपल्या मुलींना राजरोस देतो आणि त्याला संस्कृती म्हणतो.

कायद्याचं तर मेसेज लिहिणाऱ्याला काही माहीतच नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 चा. त्याच्या कलम 6 प्रमाणे विवाहातून झालेल्या मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, 'त्याच्यानंतर' आई. 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या 'त्याच्यानंतर'ची धार कमी केली. बाप हयात असूनही मुलाचं बघत नसेल तर आई पालक ठरू शकते, असं सांगितलं. पण शब्द आजही कायद्यात तसेच आहेत. त्याच कलमात पुढे लग्नाशिवाय झालेल्या मुलाबद्दल लिहिलंय. कायदा त्याला अनौरस म्हणतो, मला तो शब्द लिहायलाही नको वाटतो. पण तिथे क्रम उलटा आहे, पालक आधी आई. म्हणजे मूल 'सुरक्षित' व्हावं म्हणून नको असलेल्या लग्नात ढकललेली बाई कायद्याच्या त्या ओळीत दुसऱ्या क्रमांकावर जाते. एकटी राहून आई होणारी पहिल्या क्रमांकावर असते. हे ग्रुपवरच्या सगळ्यांनी एकदा शांतपणे वाचावं.

आता वयाचं. यात अर्धं खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. स्त्रीबीजांची संख्या आणि दर्जा वयाबरोबर उतरतो, पस्तिशीनंतर जास्त वेगाने उतरतो, आणि चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांवर आयव्हीएफ यशस्वी होण्याचं प्रमाण फारच खाली येतं. 'आजकाल पन्नाशीतही होतात मुलं' असं कुणी सांगत असेल तर तेही अर्धवट आहे, त्यांतल्या बहुतेक वेळा बीज दुसऱ्या स्त्रीचं असतं. भाचीला मी हे स्पष्ट सांगितलं. पण 'मतिमंदच होतं'? त्यांचा रोख असतो तो डाऊन सिंड्रोमवर, म्हणजे बौद्धिक वाढ मागे राहणाऱ्या जन्मजात स्थितीवर. आईचं वय 35 असताना त्याची शक्यता साधारण 350 मध्ये एक, 40 असताना साधारण 100 मध्ये एक. वाढते, हे खरं. पण 35 ला 350 पैकी 349 बाळांना तो नसतो. शिवाय डबल मार्कर, एनआयपीटी, अ‍ॅनॉमली स्कॅन या गरोदरपणात बाळासाठी करायच्या तपासण्या आज तालुक्याच्या डॉक्टरांनाही माहीत आहेत. एएमएच या रक्ततपासणीचा आकडा कमी आला की मुली रडत घरी येतात. त्या तपासणीतून बीजांचा साठा किती उरला याचा अंदाज येतो, दर्जा कळत नाही. एका रिपोर्टवरून लग्न ठरवायला निघू नये. बीजं गोठवायची असतील तर जितक्या लवकर तितकं बरं, आणि कायद्याने ती जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतात, हेही लक्षात ठेवावं.

डॉक्टर तुरुंगात जातो, हे साफ खोटं. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात 21 ते 50 वयाची कुठलीही स्त्री क्लिनिककडे जाऊ शकते, लग्नाची अट नाही. दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावं लागतं, आणि दात्याच्या एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या झालेल्या असाव्या लागतात. 'एकाच दात्याची शंभर मुलं गावभर फिरतील आणि भाऊ-बहिणीचं लग्न होईल' असंही मेसेजमध्ये आहे. एका दात्याचं बीज एकापेक्षा जास्त जोडप्यांना द्यायचं नाही असं हाच कायदा बँकेला बजावतो.

सरोगसी मात्र अविवाहित मुलीसाठी बंद आहे. 2021 चा सरोगसी कायदा 35 ते 45 वयाच्या विधवा आणि घटस्फोटित स्त्रीलाच परवानगी देतो. एकता कपूर 2019 मध्ये सरोगसीने आई झाल्या त्या हा कायदा येण्याआधी. आज कुणी 'एवढ्या लाखांत करून देतो' म्हणत असेल तर त्याच्या दारातही उभं राहू नका. पैसे घेऊन केलेली सरोगसी गुन्हा आहे आणि शिक्षा 10 वर्षांपर्यंत आहे. विधवेला चालतं आणि अविवाहितेला चालत नाही, हा भेद मला अन्यायाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयातही तो प्रश्न गेलेला आहे.

दत्तकाबद्दल जे लिहिलंय ते माझ्या कामावरच चिखल उडवणं आहे. कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी होते, ज्येष्ठता यादी असते. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, कुणालाही दत्तक घेऊ शकते. बंधन आहे ते एकट्या पुरुषाला, त्याला मुलगी घेता येत नाही. विशेष गरजा असलेलं मूल घ्यायचं की नाही हे पालक नोंदणीत स्वतः सांगतात, कुणी गळ्यात मारत नाही. आणि ज्यांनी अशी मुलं आनंदाने घेतली ती घरं मी पाहिली आहेत. 'अपंग मूल मिळतं' ही शिक्षा असल्यासारखं लिहिणाऱ्याने त्या घरात एकदा चहाला जावं.

खरी अडचण वेगळी आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. लहान, निरोगी बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. आणि वयाची मर्यादा आहे: दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर एकट्या पालकाचं वय 40 पर्यंत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 45, चार ते आठसाठी 50, त्यापुढच्या मुलांसाठी 55. म्हणून 36 व्या वर्षी 'आधी आयव्हीएफ करून बघू, नाही जमलं तर दत्तक' असं एकामागून एक धरलं की दुसरा रस्ता अरुंद होतो. विचार दोन्हींचा एकदम करावा. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनंतर 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीला प्रतिपालक (फॉस्टर पालक) म्हणून, म्हणजे दत्तक न घेता, मूल सांभाळता येतं आणि दोन वर्षांनी दत्तकाचा विचार होऊ शकतो. थोड्या मोठ्या मुलाची तयारी असेल तर हाही मार्ग आहे.

जन्मदाखल्याचा प्रश्न दहा वर्षांपूर्वीच सुटला. 6 जुलै 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यायचा, बापाचं नाव सांगायची सक्ती करायची नाही. पासपोर्टसाठी 2016 च्या डिसेंबरपासून एका पालकाचं नाव पुरतं. आपल्या राज्य सरकारने तर 2024 मध्ये सरकारी कागदांवर नावापुढे आईचं नाव लावण्याचा निर्णय घेतला. खिडकीवरचा कारकून अजूनही 'वडिलांचं नाव?' म्हणून अडवतो, हे मला माहीत आहे. तेव्हा 2015 च्या निकालाची प्रत पुढे ठेवायची. मी ठेवायला सांगते, आणि तिचा उपयोग होतो.

संस्कृतीवर जास्त लिहीत नाही. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम आईला आपलं गोत्र विचारतो. जबाला सांगते, मला माहीत नाही, तू सत्यकाम, मी जबाला, तेव्हा सत्यकाम जाबाल असंच सांग. तो गुरूला तसंच सांगतो आणि गौतम ऋषी त्याला शिष्य करून घेतात. ज्यांना परंपरा हवी त्यांनी ही वाचावी.

बाप नसलेली मुलं गुन्हेगार होतात, याला मेसेजने अमेरिकेच्या तुरुंगांचा दाखला दिला आहे. कैद्यांपैकी किती जण बापाविना वाढले हा एक प्रश्न, आणि बापाविना वाढलेल्यांपैकी किती जण कैदी झाले हा अगदी वेगळा. शिवाय तिथे गरिबी, भांडणं, सोडून गेलेले बाप हे सगळं एकत्र मोजलेलं असतं. ज्या बायकांनी ठरवून, एकटीने मूल जन्माला घातलं त्यांच्यावरचा अभ्यास केंब्रिज विद्यापीठात सुझन गोलोम्बोक यांच्या गटाने केला, 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. दात्याच्या वीर्यावर आई झालेल्या 51 एकट्या बायका आणि त्याच पद्धतीने मूल झालेली 52 जोडपी, मुलं 4 ते 9 वर्षांची. मुलांच्या मानसिक स्थितीत फरक आढळला नाही. एकट्या आयांच्या घरात आई-मुलाचे खटके उलट कमी होते. मुलांना त्रास कुठे जास्त दिसला? जिथे पैशाची ओढाताण होती आणि आईवरचा ताण जास्त होता तिथे. हा अभ्यास ब्रिटनचा आहे, आपल्याकडचे शेजारी आणि नातेवाईक त्यात नाहीत, हे मान्य. पण माझ्या कामातही मी हेच पाहत आले. आणि आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या विधवांनी, कोरोनात नवरा गेलेल्या बायकांनी एकटीने मुलं वाढवली. त्यांची मुलं गुन्हेगार होणार असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत आहे?

राहिला प्रश्न आई गेल्यावर कोण, याचा. हा मात्र बरोबर आहे. तो चुकीच्या हेतूने विचारलाय, पण बरोबर आहे, आणि होम स्टडीत मीही तोच विचारायचे. नाशिकला एका नर्सबाईंच्या घरी गेले होते. नाइट ड्यूटी असते तेव्हा काय कराल, विचारलं. त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला कागद चिकटवलेला, रात्री कोण येणार, ते नाही आले तर कोण, पाळणाघरातून आणायला कोण, मूल आजारी पडलं तर सुट्टी कोण घेणार. नावं आणि फोन नंबर. त्यातल्या दोघांना मी तिथूनच फोन लावले, दोघांनाही आपलं काम पाठ होतं. अशी घरं जोडप्यांचीही कमीच असतात.

एकटी आई मृत्युपत्राने आपल्या मुलासाठी पालक नेमू शकते, पालकत्व कायद्याच्या कलम 9 मध्येच ती सोय आहे. दत्तक घेताना तर एकट्या अर्जदाराला नातेवाइकाचं हमीपत्र जोडावं लागतं: हिला काही झालं तर मुलाची जबाबदारी मी घेईन. सोबत विमा, आणि मुलाच्या नावाने वेगळी ठेव. जोडप्यांपैकी किती जणांनी यातलं काही केलेलं असतं?

भाचीने अजून काही ठरवलेलं नाही, आणि तिने घाई करावी असं मला वाटतही नाही. तपासण्या ती करून घेणार आहे, काराच्या नोंदणीची कागदपत्रं जमवते आहे. हमीपत्राचं मी तिच्या धाकट्या भावाला सांगितलं तेव्हा तो आणि त्याची बायको दोघंही म्हणाले, मावशी, मसुदा पाठव, आम्ही सही करतो.