लव्हाळे, बटाटे आणि "तू धर्म बदललास का गं?"

आज ३१ जानेवारी. दुपारी पाऊस जरा थांबला तशी गमबूट घालून मागच्या तुकड्यात गेले आणि दोन्ही हातांत मावतील एवढे लव्हाळे उपटून आणले. उपटून, कापून नाही. गेल्या वर्षी मी कात्री घेऊन निघाले होते तर शेजारच्या आजोबांनी (आजोबा हे मी मनात म्हणते, तोंडावर नावानेच हाक मारायची असते इथे) कुंपणापलीकडून अशी हाक मारली की मी देवाला चपला घालून शिवायला निघालेय असंच वाटावं. इथे आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला, सेंट ब्रिजिडच्या दिवसासाठी लव्हाळ्यांचा क्रॉस विणतात, आणि त्याचे लव्हाळे हातानेच उपटायचे असतात. का ते विचारलं तर म्हणाले, आई असंच करायची. संपला विषय. माझ्या आजीनेही हेच उत्तर दिलं असतं.

तर आता लव्हाळ्यांचा ढीग किचनच्या टेबलावर पडलाय, खाली चिखलाचं पाणी गळतंय, नवरा मीटिंगमध्ये आहे, आणि मी गेले सहा महिने पुढे ढकललेली पोस्ट लिहायला बसलेय. निमित्त एकच. फॅमिली ग्रुपवर एका काकूंनी विचारलेला प्रश्न: "तू तिकडे पेगन वगैरे झालीस म्हणे, धर्म बदललास का गं?"

पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव आणि सण मानणारी. नाही काकू. बटाटे लावलेत.

पण नीट सांगते. डब्लिनचं भाडं आणि दोघांचे पगार याचं गणित काही केल्या बसेना तेव्हा तीन वर्षांपूर्वी आम्ही लीट्रिम परगण्यात हे जुनं घर घेतलं, मागे एक एकर. स्वस्त का मिळालं ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं. म्हणजे इथे पावसाळा असा वेगळा नसतोच, वर्षभर तोच. जमीन जड चिकण, पाणी मुरतच नाही, वर नुसते लव्हाळे. महापुरात तगून राहतात म्हणून ज्यांचं कौतुक शाळेत वाचलं तेच हे, आणि शेतात दिसले की समजायचं इथे निचऱ्याची बोंब आहे.

आणि आम्ही आलो होतो काय डोक्यात घेऊन? तर इन्स्टावरचं "सिंपल लाईफ". लिननचा एप्रन, टोपलीत अंडी, खिडकीत मेणबत्त्या. खोटं कशाला बोला, पहिल्या सहा महिन्यांत या साध्या राहणीवर आमचा जितका पैसा गेला तितका डब्लिनमध्ये बाहेर खाण्यावर गेला नव्हता. लाकडी वाफे, सिरॅमिकच्या पाट्या, कोंबड्यांचं डिझायनर खुराडं, आणि हो, "व्हील ऑफ द इयर"चं लाकडी चक्र, ऑनलाइन मागवलेलं. चक्रावर आठ सण कोरलेले, खाली बारीक अक्षरात मेड इन चायना.

या चक्राचं सांगायलाच हवं, कारण निम्मा गैरसमज इथेच आहे. सोव्हिन, यूल, इंबॉल्क, ओस्टारा, बेल्टेन, लीथा, लूनसा, मेबन असे आठ, साधारण दर दीड महिन्याला एक. वाटतं हजारो वर्षं लोक हे आठही असेच पाळत असतील. तर तसं नाही. हे आठांचं एकत्र चक्र १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये नव्या पेगन चळवळीतल्या जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकल्स यांच्या आसपासच्या मंडळींनी जुळवलं, आणि मेबन हे नाव तर १९७०च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसाने दिलं. पण त्यातले चार आयर्लंडचे खरोखर जुने आहेत, इंबॉल्क (१ फेब्रुवारी), बेल्टेन (१ मे), लूनसा (१ ऑगस्ट) आणि सोव्हिन (१ नोव्हेंबर). इतके जुने की आयरिश भाषेत मे महिन्याला ब्याल्तने, ऑगस्टला लूनसा आणि नोव्हेंबरला सोव्हिनच म्हणतात. चक्र मी कोंबड्यांच्या दाराला खुंटी म्हणून ठोकलं. हे चार ठेवले.

शेजारच्या आजोबांना एकदा उत्साहाने म्हटलं की मी पेगन सण पाळायला लागलेय, तर ते इतके हसले की चहा सांडला. ते दर रविवारी चर्चला जाणारे पक्के कॅथलिक. त्यांच्यासाठी उद्याचा दिवस सेंट ब्रिजिडचा. त्याआधी ब्रिजिड देवी होती म्हणतात, आणि २०२३पासून तर सरकारी सुट्टीही मिळते तिच्या नावाने. देवी का संत हा प्रश्नच त्यांना पडत नाही. मेंढ्यांना दूध उतरायला लागतं, दिवस थोडा मोठा होतो, क्रॉस बदलायचा. बस. पेगन हा लॅटिन शब्द मुळात गावाकडच्या माणसासाठी होता, म्हणजे आपल्या भाषेत गावंढळ. माझी आजी बांधावरच्या म्हसोबाला नारळ फोडायची तेव्हा ती काय पेगन होती? ती माण तालुक्यातली शेतकरीण होती.

आता माझं खरं म्हणणं, ज्यावर भांडायचं त्याने भांडा.

सण मातीचे असतात, पासपोर्टचे नसतात. आपण परदेशात येताना सगळे सण बॅगेत भरून आणतो, हॉल बुक करतो, आणि बाहेर काय ऋतू चाललाय हे खिडकीतून बघतही नाही. मीही करते, मंडळाच्या गणपतीला माझे मोदक असतात. पण जमीन कसायला लागल्यावर कळलं की माझं पंचांग इथल्या मातीला लागूच नाही. मृग लागला की पेरायचं हे माझ्या हाडात आहे. इथे जूनमध्ये दिवस सतरा तासांचा असतो आणि तोवर पेरणी उरकली नसेल तर तुम्ही उशिरा आलात. आणि डिसेंबरात साडेसात तासांचा दिवस, चार वाजता काळोख, तेव्हा शेतात काही करायचं नसतं हे पहिल्या वर्षी कोणी सांगितलंच नाही, मी हेडलॅम्प लावून चिखलात वाफे खणत होते आणि रडत होते.

थांबायचं कधी, हे सण सांगतो. साध्या राहणीत मला कोणी शिकवलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. सोव्हिननंतर रानातली ब्लॅकबेरी खायची नाही, कारण त्या रात्री पूका नावाचं भूत त्यांच्यावर थुंकतं अशी समजूत आहे. हसले मी आधी. मग नोव्हेंबरात तोडून आणल्या, पाणचट, बुरशी आलेल्या, जॅमला साखर घातली तीही वाया. पूका बरोबर होता.

बटाट्याचं तर पूर्ण रामायण. सेंट पॅट्रिक डेला, म्हणजे १७ मार्चला बटाटे लावायची इथे रीत. मी लावले, इन्स्टावाल्या उंच वाफ्यात. आजोबा बघून गेले, बोलले काहीच नाहीत, दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन आले. त्यांनी करून दाखवलं त्याला लेझी बेड म्हणतात, नावावर जाऊ नका, कंबरडं मोडतं. पट्ट्यावर शेणखत पसरायचं, त्यावर बटाट्याचं बी, मग दोन्ही बाजूंची गवताची ढेपळं मुळांसकट कापून आत उलटी पालथी घालायची, गवत खाली, माती वर. बाजूला आपोआप चर होतो, पाणी त्यातून जातं, आणि बटाटा उंचावर कोरडा राहतो. फळी नाही, विकतची माती नाही, फक्त फावडं. चिकण जमिनीसाठी याहून स्वस्त आणि शहाणं काही मी पाहिलेलं नाही.

आणि तरी जुलैत करपा आला. आठवडाभर उबदार ओल होती, हवामान खात्याने ब्लाइटचा इशारा दिला होता, मी म्हटलं बघू. पानावर तपकिरी डाग, कडेला खालून पांढरी बुरशी, आणि तिसऱ्या दिवशी सगळा पाला काळा, वास असा की विसरता येत नाही. याच रोगाने १८४५पासून इथे दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, लाखो देश सोडून गेली. मी सुपरमार्केटमधून बटाटे आणू शकत होते आणि तरी माझे हातपाय गार पडले. पाला कापून लांब टाकला, दोन आठवडे कंद तसेच जमिनीत ठेवले, मग खणले. निम्मे वाचले. आता सारपो मिरा नावाची जात लावते, चवीला तशी साधारणच, पण करप्याला पुरून उरते.

नवे बटाटे लूनसाच्या आधी खणायचे नाहीत असा जुना दंडक होता. जुलै म्हणजे ओढगस्तीचा महिना, जुनं संपलेलं, नवं तयार नाही, कोबीवर दिवस काढायचे. हे ऐकलं आणि मला आजीचा आषाढ आठवला, कणगीचा तळ दिसायला लागलेला आणि पानात टाकळा नि कुरडू. उपास हे त्या गणितावर चढवलेले कपडे होते की काय असं मला आता वाटतं. चुकत असेन, पण वाटतं.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला इथे जुनी माणसं घरातलं दूध किंवा विस्तव बाहेर देत नसत, वर्षाचं नशीब जातं म्हणे. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग? आपण तरी तिन्हीसांजेला दही-मीठ देतो का कोणाला?"

आईचं आणि माझं भांडण एकाच गोष्टीवर होतं, कोंबड्या. "अगं, शिळं टाक ना त्यांना, विकतचं खाद्य कसलं देतेस!" कसं सांगू, किचनमधलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालणं इथे कायद्याने बंद आहे, आणि चार कोंबड्यांसाठीसुद्धा कृषी खात्याकडे नाव नोंदवावं लागतं. चार होत्या. तीन आहेत. कोल्हा. चूक माझी, दार लावायला वीस मिनिटं उशीर झाला. अंडं मला विकतच्यापेक्षा महाग पडतं, हेही लिहून ठेवते, कारण हे लोक सांगत नाहीत. नवऱ्याचा पगार चालू आहे, माझं अर्धवेळ काम चालू आहे, म्हणून हे जमतं. नोकरी सोडून गावाकडे चला असं मी कोणाला सांगणार नाही. बचत खरी झाली ती कंटाळवाण्या जागी: लाकूड (अ‍ॅशची झाडं रोगाने मरतायत, शेजारी फुकट देतात, फोडायचं आपण), ओट्स पोत्याने, आणि महिन्यातून एकदाच बाजार.

शेताच्या मध्ये एकटं हॉथॉर्नचं झाड आहे. चर खणायला मशीन बोलावलं तेव्हा चालवणारा पंचविशीतला पोरगा, कानात इअरबड, म्हणाला सगळं खणतो, त्या झाडाला हात लावणार नाही. परी राहतात. क्लेअर परगण्यात १९९९ साली असंच एक झाड वाचवायला हायवेवाल्यांना नमतं घ्यावं लागलं होतं. मी देवराईवाल्या देशातून आलेली, मी काय वाद घालणार. चर वळवून घेतला.

आणि काकू, तुमच्यासाठी एक. सोव्हिनच्या आदल्या रात्री, ३१ ऑक्टोबरला, इथे गेलेल्यांसाठी ताट वाढून ठेवतात. कोबी घालून मऊ केलेला बटाटा, वर लोण्याचा खड्डा. बाबा जाऊन चार वर्षं झाली. पितृपक्षात मला दोन वर्षं सुट्टी मिळाली नव्हती आणि भटजी तासभर लांब. गेल्या सोव्हिनला मी बटाट्याशेजारी दहीभात वाढला, लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली, आणि ताट मागच्या भिंतीवर ठेवून झोपले. सकाळी करडा-काळा कावळा, इथले असे दोनरंगी असतात, भिंतीवर बसून भात खात होता. बटाट्याला शिवलासुद्धा नाही. धर्म बदलला का ते तुम्ही ठरवा.

असो. क्रॉस करायला घ्यायला हवा. एक लव्हाळा उभा, दुसरा मध्यात दुमडून त्यावर, पाव फेरा फिरवायचा, पुढचा दुमडायचा, मध्ये चौकोन वाढत जातो, शेवटी चार टोकं बांधायची. माझा दरवेळी सैल होतो. गेल्या वर्षीचा कोंबड्यांच्या खुराड्यावर लावलाय, तो दारावरच्यापेक्षा बरा टिकलाय.

आज रात्री ब्रिजिड येऊन जाते म्हणून एक कापड बाहेर ठेवायचं असतं, मग वर्षभर डोकं दुखलं की ते कपाळाला बांधायचं. मी आजीच्या इरकली लुगड्याचा तुकडा हॉथॉर्नवर नाही, कुंपणाच्या तारेवर टाकलाय. दोन चिमटे लावलेत, वारा फार आहे.