दत्ताचं वरचं बटण

जानेवारीतल्या रविवारी सकाळी साडेसातला पेरूगेटच्या कट्ट्यावर आम्ही पाचजण. समोर रस्ता खोदायला घेतलेला. डांबर पडून वर्ष झालं नव्हतं, पण त्यावर बोलायचं नाही असा कट्ट्याचा ठराव आहे. नाहीतर दुसऱ्या विषयाला वेळच उरत नाही.

रस्ता फोडायचा ब्रेकर चालवणारा पोरगा वीस-बावीसचा. धडधड थांबली की पेन अडल्यावर आपण झटकतो तसे हात झटकायचा.

"मुंग्या येतायत त्याला," दत्ता म्हणाला.

"हातमोजे द्यावेत. विषय संपला," इति मोघे. मोघे पर्सोनेल ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. कुठल्या कंपनीतून ते मी लिहीत नाही. ते स्वतःच दर दहा मिनिटांनी सांगतात. जगातला कुठलाही प्रश्न हातमोजे किंवा सर्क्युलर काढून सुटतो, यावर त्यांची गाढ श्रद्धा.

तेवढ्यात दत्ताच्या हातातून चहाचा ग्लास निसटला. अर्धा चहा मोघ्यांच्या पायजम्यावर.

"सुटला! रमणबागेतल्यासारखाच सुटला!" सुन्या ओरडला. दत्तानं लाँगऑनला सोडलेला तो कॅच सुन्यानं अजून माफ केलेला नाही. बोलर तोच होता.

दत्ता हसला नाही. त्यानं उजवा हात पुढे केला. मधली दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी फटक, आणि तिथे पट्टीनं आखल्यासारखी रेघ. रेघेच्या अलीकडे नेहमीचा सावळा हात. विज्यानं ती बोटं आपल्या तळव्यांत धरली. विज्या आमचा डॉक्टर, म्हणजे फुकट औषध हवं असलं की डॉक्टर, एरवी विज्या. पाचेक मिनिटांत बोटं निळसर झाली, मग लालबुंद, आणि दत्तानं दात-ओठ खाल्ले. रक्त परत येताना ठणका लागतो म्हणे.

दत्ताची भोसरीच्या कारखान्यात फेटलिंगमध्ये सव्वीस वर्षं गेली. कास्टिंग आलं की कडा ग्राइंडरनं घासायच्या, दिवसभर.

"यात नवीन काही नाही," विज्या म्हणाला. "१९१८ साली अमेरिकेत इंडियानामध्ये चुनखडीच्या दगडावर हवेच्या हातोड्यानं काम करणाऱ्यांची हीच बोटं अ‍ॅलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरबाईंनी तपासली होती. कंपनानं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. मग थंडी लागली की रक्तवाहिन्या मिटतात. वेळीच काम थांबवलं तर पांढरं पडणं कमी होऊ शकतं. गेलेली जाणीव मात्र सहसा परत येत नाही."

"म्हणून तर हातमोजे!"

"मोघे, हातमोज्यानं हात गरम राहतो, तेवढा उपयोग आहे. ब्रेकरचा दणका त्यातून आरपार जातो. उलट मोजा जाड असला की पकड आणखी आवळावी लागते. इंग्लंडात २००५ पासून मोजून नियम आहे. आठ तासांच्या हिशेबानं कंपन अडीचवर गेलं की मालकानं उपाय करायचे, पाचच्या वर जाऊच द्यायचं नाही. हा ब्रेकर बाराचा धरला तर अडीचची रेघ वीस मिनिटांत ओलांडतो, पाचची दीड तासाच्या आत."

"बारा काय? किलो?"

"मीटर प्रति सेकंद वर्ग. दहावीला होतं."

दहावीचा विषय मोघ्यांना आवडत नाही. त्यांनी कायदा काढला. "आमच्या वेळचा कारखाना कायदा, तिसरं परिशिष्ट. कळवायलाच हवेत असे २९ रोग होते. मला तोंडपाठ आहेत. शिसं, पारा, सिलिकोसिस, आवाजानं येणारा बहिरेपणा... तुमच्या या मुंग्या त्यात नव्हत्या! आमच्याकडे तीस वर्षांत एक केस नाही."

"कशी असेल?" दत्ता म्हणाला. "तुमच्या रजिस्टरात रकानाच नव्हता. त्याच ग्राइंडरनं कान गेला तर रोग, बोटं गेली तर नखरे. सरकारला फक्त ऐकू येतं वाटतं."

मोघे पायजमा पुसायला लागले.

"आणि रक्त आलं असतं तर तुम्ही स्वतः अपघाताचा फॉर्म भरला असता. इथं उलटं आहे ना. रक्त येतच नाही, हीच तक्रार आहे."

मला मात्र त्याच्या शर्टाचं वरचं बटण दिसत होतं. उघडं. म्हातारपणी टपोरीपणा सुचतोय म्हणून आम्ही त्याला किती वर्षं छळतोय. त्यानं ते कधी लावलंच नाही याचं कारण त्या दिवशी कळलं: बोटांना बटण लागतच नाही. खालची बटणं वहिनी लावून देतात; वरच्याला तो 'राहू दे' म्हणतो. स्वेटरच्या चेनला नाडीचं कडं बांधलंय, त्यात अंगठा घालून ओढायला.

कोणी बोलेना. समोरचा ब्रेकरही नेमका तेव्हाच थांबला. सुन्यानं नवीन चहा सांगितला आणि पैसे स्वतः दिले. त्याची नोंद वेगळी व्हायला हवी.

दत्तानं ग्लास दोन्ही तळव्यांत धरला. "आता तरी पटलं ना सुन्या? त्या कॅचला माझा दोष नव्हता. हात बधिर झाले होते रे, हाच आजार."

सुन्याचा चेहरा पडला. तो ओशाळून काहीतरी पुटपुटणार, इतक्यात मोघ्यांनी पुसणं थांबवलं. तारखा हा त्यांचा प्रांत.

"एक मिनिट. मॅच कधीची?"

"एकोणनव्वदची," सुन्या म्हणाला.

"आणि दत्तोबा, भोसरीला जॉइन कधी?"

दत्ता चहात बघत राहिला. "एक्क्याण्णव."

सुन्या त्याच्या पाठीत धपाटे घालत होता, मोघे विजयी मुद्रेनं ओल्या पायजम्यात उभे होते, आणि समोरचा पोरगा हात झटकता झटकता आमच्याकडे बघत होता. विज्यानं त्याला हाक मारली, "ये रे, चहा घे. ग्लास दोन्ही हातांनी धर."