पाय (π) म्हणजे 180 नव्हे, आणि रेडियन परका नव्हे

अकरावीतल्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: 360 अंश ऋग्वेदातच आहेत, तेच नैसर्गिक, रेडियन ही पाश्चात्त्यांनी लादलेली भानगड, लक्षात ठेवायचं तर पाय बरोबर 180, आणि एक रेडियन म्हणजे 57 अंश 30 कला.

रेडियन म्हणजे त्रिज्येइतक्याच लांबीचा कंस (परिघाचा तुकडा) केंद्रापाशी जो कोन करतो तो; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आधी पाय. तो 3.1416च्या आसपासच आहे, कोन मोजायला घेतला म्हणून फुगत नाही. पाय रेडियन म्हणजे 180 अंश. एक किलो म्हणजे हजार ग्रॅम, म्हणून कोणी 1 बरोबर 1000 लिहितं का? त्रिज्या 10 सेंमी, कोन 60 अंश घ्या. 60 ला पायने गुणून 180 ने भागलं की 1.047 रेडियन; त्याला त्रिज्येने गुणलं की कंस 10.47 सेंमी. पायच्या जागी 180 ठेवलात तर कंस 600 सेंमी येईल. अख्खा परीघच 62.8 सेंमी आहे!

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात बारा आऱ्यांचं चक्र आणि त्यात 360 खुंट्या आहेत, हे खरं. पण ते वर्षाचं रूपक आहे, कोनाचं एकक नव्हे. अंश-कलांमधल्या साठ-साठच्या विभागणीचं मूळ बॅबिलोनमध्ये सापडतं. आणि नैसर्गिक म्हणाल, तर वर्षही 360 दिवसांचं नाही. 360 ला 2, 3, 4, 5, 6, 8, 9, 10, 12 असा सगळ्यांनी भाग जातो, ही त्याची खरी सोय.

आता गंमत. ‘रेडियन’ हा शब्द 1873 मध्ये आयर्लंडमधल्या बेलफास्टला प्राध्यापक जेम्स थॉमसन यांच्या प्रश्नपत्रिकेत छापून आला, तेव्हा शब्द परका आहेच. पण आर्यभटाची ज्यासारणी, म्हणजे साइनचं कोष्टक, बघा. वर्तुळाच्या 21600 कला धरून त्यानं त्रिज्याही कलांतच मोजली: 3438. हे 57 अंश 18 कला झाले. एक रेडियन 57 अंश 17 कला 45 विकलांचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). फरक पाव कलेचा. कंस आणि त्रिज्या एकाच मापात घेतल्यामुळे त्याच्या सारणीत 225 कलांच्या कंसाची ज्याही 225 येते. लहान कोनाचं साइन म्हणजे जवळजवळ तो कोनच, हे रेडियनमध्ये जमतं, अंशांत नाही. 1 अंशाचं साइन 0.01745 असतं. (आर्यभटानं रेडियन शोधला, असा उलटा मेसेज मात्र कृपया काढू नका. त्या कोनाला एकक म्हणून त्यानं वेगळं नाव दिलेलं नाही.)

राहिलं 57 अंश 30 कला. एक रेडियन म्हणजे सुमारे 57.3 अंश. त्यातला .3 हा दशांश; त्याला 60 ने गुणलं की 18 कला. पंचांग पाहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. नक्षत्र 13 अंश 20 कलांचं असतं, आणि कॅल्क्युलेटरवर 360 भागिले 27 केलं की उत्तर 13.33 येतं, 13.20 नाही.