पासवर्ड : नेहमीचाच

लॅपटॉपला पासवर्ड घालताना माझ्या डोळ्यांसमोर चोर होता. पुण्याहून मुंबईला जाताना ऑफिसातल्या एकाचा लॅपटॉप गाडीतल्या सामानाच्या फळीवरून गेला आणि त्या आठवड्यात आम्ही सगळेच फार सावध झालो. विंडोजचा पासवर्ड काय, पोरंसोरंसुद्धा उडवतात, असं कुणीतरी म्हणालं. म्हणून मी त्याच्याही खाली उतरलो आणि थेट बायोसला, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामला, कुलूप ठोकलं. विंडोज जागं व्हायच्या आधीच मशीन विचारणार, 'कोण रे तू?' केवढा निर्धास्त झोपलो होतो त्या रात्री!

पुढे ऑफिसने नवा लॅपटॉप दिला आणि हा कपाटात गेला. आठ महिन्यांनी लेकीच्या गुणपत्रिकेचं स्कॅन हवं होतं, म्हणून काढला. काळ्या पडद्यावर चौकट आली. कोण रे तू?

बायकोचं नाव घातलं, नाही. लेकीचं नाव आणि जन्मसाल, नाही. जुन्या स्कूटरचा नंबर, नाही. तीन चुका झाल्यावर मशीनने 'सिस्टिम डिसेबल्ड' असं जाहीर करून एक लांबलचक आकडा तोंडावर फेकला. बंद करून पुन्हा चालू केलं की आणखी तीन संधी. रात्री साडेअकरापर्यंत मी घरातली माणसं, कुलदैवत, शाळा आणि सोसायटीतलं मांजर एवढं सगळं संपवलं होतं.

मग आठवलं, आपण तो डायरीत लिहून ठेवलाय! धावत जाऊन डायरी काढली. विम्याच्या हप्त्याच्या तारखेखाली माझ्याच सुवाच्य अक्षरात होतं : 'लॅपटॉप पासवर्ड : नेहमीचाच.'

सकाळी मेहुण्याला फोन केला. त्याचं संगणकशास्त्र डेस्कटॉपच्या जमान्यातलं. "मागचं झाकण उघड, बटणासारखा सेल काढ, पाच मिनिटांनी परत घाल. पासवर्ड गुल!" जुन्या डेस्कटॉपचं ते खरंच होतं, पासवर्ड त्या सेलच्या जिवावर जगायचा. पण आताच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवरच्या, अशा चिपमध्ये असतो, की वीज गेली तरी तिला काही फरक पडत नाही. हे मला झाकण उघडल्यानंतर समजलं. दोन स्क्रू अजून सापडलेले नाहीत.

शेवटी कंपनीचं सर्व्हिस सेंटर. टोकन ३७, एसी कडक, काउंटरवरची मुलगी अत्यंत नम्र.

"सर, यात मदरबोर्ड बदलावा लागेल."

"मदरबोर्ड बिघडलाय?"

"नाही सर, मदरबोर्ड उत्तम आहे."

अंदाजपत्रक आलं : १९,८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २३,३६४. वॉरंटी होती, पण मालकाच्या विस्मरणाला ती लागू नव्हती. घरी आकडा सांगितला तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "अहो, किल्ली हरवली म्हणून कुणी भिंत पाडतं का?"

खरं सांगायचं तर कंपनीचं चुकत नव्हतं. कुणीही आलं, 'विसरलो हो' म्हणालं आणि यांनी हसत कुलूप काढून दिलं, तर त्या कुलपाला अर्थ काय? मला हवं होतं ते अगदी हेच. फक्त चोर सोडून संन्याशाला सुळी झाली होती, आणि सुळीचा खर्च संन्याशानेच द्यायचा होता.

त्याच मुद्द्यावरून काउंटरवरच्या मुलीने पुढचा प्रश्न टाकला. "लॅपटॉप तुमचाच आहे याचा पुरावा? खरेदीचं बिल?"

"आहे ना. स्कॅन करून ठेवलंय."

"कुठे सर?"

मी काउंटरवर ठेवलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. तिचा नम्रपणा पहिल्यांदाच किंचित हलला.

पासवर्डची ही भानगड माणसाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ओढवून घेतली. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एकच संगणक पुष्कळ जण वापरायचे, तेव्हा ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिथले संगणकतज्ज्ञ फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मंडळींनी तो घातला. १९६६मध्ये तिथे एक गफलत झाली. स्वागताच्या संदेशाची फाइल आणि पासवर्डची फाइल यांची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. इतिहासात ही चूक म्हणून नोंदली आहे. मला मात्र तो सुवर्णकाळ वाटतो.

असो. दुकानदाराने बिलाची प्रत काढून दिली, मी पैसे भरले आणि दहा दिवसांनी 'तुमचं उपकरण तयार आहे' असा मेसेज आला. बायोसची चौकट गेली होती. मी पेढे घ्यायच्या बेतात होतो, एवढ्यात निळा पडदा उगवला. डिस्कवरची माहिती विंडोजने बिटलॉकर नावाच्या आपल्या वेगळ्या कुलपात बंद करून ठेवली होती म्हणे. त्या कुलपाची किल्ली जुन्या मदरबोर्डवर सांभाळलेली होती, आणि मदरबोर्डच बदलल्यामुळे आता ४८ आकडी रिकव्हरी की हवी होती.

"घाबरू नका सर," मुलगी म्हणाली, "ती तुमच्या ऑनलाइन खात्यात असेल. त्याचा पासवर्ड आठवतोय ना?"

"हो," मी म्हणालो. "नेहमीचाच."