सिस्टीमने केलंय म्हणे!

आज कुणीतरी ग्रुपवर एका बँकेच्या कॉन्फरन्सचा व्हिडिओ टाकलाय. सुटाबुटातले साहेब स्टेजवरून सांगतायत, आमचा एआय चोवीस तास ग्राहकांची काळजी घेतो. खाली टाळ्या. माझं डोकंच फिरलं.

माझी मावशी डोंबिवलीत फराळाच्या ऑर्डरी घेते. ऐन दिवाळीत तिचं खातं होल्डवर. का? तर अनोळखी लोकांचे दोनशे-चारशे रुपये यूपीआयने धडाधड येतायत आणि संध्याकाळी सगळे एकदम बाहेर जातायत. अहो जाणारच ना, तूप-रवावाल्याला द्यायचे असतात! पण मशीनला वाटलं हे म्यूल अकाउंट, म्हणजे चोरांचे पैसे फिरवायला वापरतात तसलं. ब्रँचमध्ये गेलो तर मॅनेजर म्हणाले, "काकू, माझ्या हातात काही नाही, सिस्टीमने फ्लॅग केलंय." मग कुणाच्या हातात आहे? हेड ऑफिसच्या. हेड ऑफिसला फोन लावला तर तिथे बॉट!

मान्य आहे, म्यूल अकाउंटं खरी असतात, डिजिटल अरेस्टवाल्यांनी लुटलेला पैसा तिथूनच पळतो आणि माणसं बसवून एवढे व्यवहार तपासणं शक्य नाही. रिझर्व्ह बँकेच्याच इनोव्हेशन हबने त्यासाठी म्यूलहंटर नावाचं एआय टूल बनवलंय. बनवा की. संशय मशीनने घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. पण खातं अडवल्यावर मावशीसमोर बसून कारण सांगणारा आणि चूक असेल तर त्याच दिवशी मोकळं करणारा एक माणूस नको? नावानिशी?

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. आयआयटी मुंबईच्या पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली बँकांनी एआय कसा वापरावा हे ठरवायला रिझर्व्ह बँकेने समिती नेमली होती, ऑगस्ट 2025 मध्ये अहवाल आला, त्यात 7 सूत्रं, 26 शिफारशी. माणूस आधी, एआय वापरणारी संस्थाच जबाबदार, निर्णय समजण्यासारखा हवा, सगळं छान लिहिलंय. आता हे काउंटरपर्यंत कधी पोचणार? कारण त्याच 7 सूत्रांत एक असंही आहे की निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य, आणि बँकांना नेमकं तेवढंच पाठ होणार बघा.

कुणीतरी युरोपचं सांगेल. त्यांनी 2024 मध्ये कायदा केला, कर्जासाठी माणसाची पत ठरवणारा एआय हाय-रिस्कमध्ये, म्हणजे कडक नियमांच्या यादीत टाकला. भारीच. पण त्याच ओळीत फसवणूक पकडणाऱ्या सिस्टीमला सूट दिलीय! म्हणजे मावशी तिकडे असती तरी या कलमाचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

बरं, त्या मॅनेजरवरही किती चिडणार. पोरगाच होता, घामाघूम झालेला, मावशीला पाणी दिलं त्याने. त्याला स्क्रीनवर एक लाल पट्टी दिसत होती, बाकी कारण त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. पुढे खातं सुटलं, तसंच, कारण न सांगता. सॉरीचा साधा एसेमेस नाही. मावशी आता गिऱ्हाइकांना म्हणते कॅशच द्या रे बाबांनो. झालं तुमचं डिजिटल इंडिया.

कुणाचं असं अडकलं असेल तर तोंडी भांडत बसू नका. बँकेला लेखी तक्रार द्या, नंबर घ्या, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा, फुकट आहे. आता फराळाच्या सीझनमध्ये 30 दिवस म्हणजे काय ते मला विचारू नका.

लिस्टमध्ये बँकवाले बरेच आहात. तुमच्या ब्रँचमध्ये सिस्टीमने अडवलेलं खातं सोडायचा अधिकार कुणाला आहे ते कमेंटमध्ये लिहा. नाव नको, पोस्ट सांगा फक्त. आणि "एआयला विरोध म्हणजे मागासलेपणा" वगैरे टाकणाऱ्यांनी कृपया पुढे सरका, आज मूड नाहीये.