चावी असली तरी टायमिंग सरकतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

रॉकेलवरच्या पाण्याच्या पंपाच्या इंजिनात मॅग्नेट प्लगमध्ये ठिणगी पाडतो. ती नेमकी कोणत्या क्षणी पडते, म्हणजे टायमिंग, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "फ्लायव्हीलला चावी असते, त्यामुळे टायमिंग सरकणं शक्यच नाही. हे वाडीतल्या अडाणी मेकॅनिकचं ज्ञान आहे." (फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरचं जड चाक. चावी म्हणजे कुलपाची नव्हे, चाक आणि शाफ्ट यांच्या खाचांत बसणारा धातूचा छोटा तुकडा.) पुढे कंडेन्सर, प्लग आणि रॉकेलमधली भेसळ यांवरही आठ-दहा ओळी आहेत.

एक चूक कबूल. पॉइंटची, म्हणजे जे उघडले की ठिणगी पडते त्या दोन संपर्कांमधली, फट ०.४ एवढंच लिहिलं, मिलिमीटर लिहायचं राहिलं. दुरुस्त केलंय.

पण 'अडाणी' हा शब्द लागला. गुहागरच्या आमच्या सुपारीच्या वाडीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, कसा धरायचा हे मला अशाच एका मेकॅनिकने शिकवलं, मी तेव्हा नववीत होतो. मुद्दा खोडायचा तर खोडा, त्यासाठी माणसाची लायकी कशाला काढायची?

आता चावी. फ्लायव्हीलला शाफ्टवर धरून ठेवतात टेपर, म्हणजे शाफ्टचं निमुळतं टोक, आणि घट्ट आवळलेला नट. चावी फक्त जागा ठरवते. एका मे महिन्यात पंपात खडा अडकून आमचं इंजिन झटक्यात थांबलं. नट ढिला होता. शाफ्ट थांबला, फ्लायव्हील पुढे गेलं. पुन्हा दोरी ओढली तर इंजिनाने असा उलटा झटका दिला की वडिलांच्या दोन बोटांची सालं निघाली. पुलर लावून फ्लायव्हील काढलं. अर्ध्या चंद्रासारखी ती चावी तुटली नव्हती, तिला मधोमध पायरी पडली होती, जेमतेम १ मिलिमीटरची. २० मिलिमीटरच्या शाफ्टवर १ मिलिमीटर म्हणजे जवळपास ६ अंश! त्या इंजिनाचा कॅम, म्हणजे पॉइंट उघडणारा उंचवटा, फ्लायव्हीलच्याच हबवर (मधल्या भागावर) होता, म्हणून पॉइंट तेवढे आधी उघडत होते आणि ठिणगी नको तितकी लवकर पडत होती. ती चावी अजून माझ्या खणात आहे.

चावी शाबूत असली तरीही पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजते. फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते. इंजिन तापतं, पाणी ओढत नाही. त्यात आपली खारी हवा. पावसाळाभर बंद राहिलेल्या इंजिनाचे पॉइंट राखाडी पडलेले तुम्ही कधी पाहिलेत का? नसतील, तर ज्याचे हात रोज ऑइलात असतात त्याला नावं ठेवू नका.

बाकीचं सगळं माझ्या लेखाचा विषयच नव्हतं.

पुन्हा जरूर लिहा, पण आधी फ्लायव्हील काढून चावी बघा. आणि तो शब्द मागे घेणार असाल तर तेही लिहा.