हळदीचं दूध, मिरपूड आणि सोरायसिस

'रोज रात्री पेलाभर दुधात अर्धा चमचा हळद नि चिमूटभर मिरपूड. सोरायसिस मुळापासून जातो. मलमं-गोळ्या फेकून द्या, डॉक्टर वनस्पतींचे गुण दडवतात.' हा मेसेज पुन्हा फिरतोय. सोरायसिस म्हणजे त्वचेवर खवलेदार चट्टे उठवणारा जुनाट आजार.

'हळदीतलं कर्क्युमिन दाह शमवतं.' प्रयोगशाळेतल्या पेशींवर, हो. पण पेल्यात उतरतं किती? हळदपुडीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. अर्धा चमचा म्हणजे दीड ग्रॅम हळद धरली, तर 45 मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या 2008 च्या एका छोट्या चाचणीत सोरायसिसच्या 12 रुग्णांना रोज साडेचार ग्रॅम कर्क्युमिन गोळ्यांतून दिलं. दुधाच्या हिशेबात रोजचे शंभर पेले! ठळक फरक पडला दोघांना, आणि तोही आपसूक पडला असेल, असं संशोधकांनीच लिहिलं. इटलीतल्या 2015 च्या चाचणीत कर्क्युमिनचा फायदा दिसला खरा, पण तिथे शोषण वाढवलेल्या गोळ्या होत्या आणि सोबत स्टेरॉइडचं मलम चालूच होतं.

'मिरीमुळे शोषण 2000 टक्के वाढतं.' आकडा खोटा नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या 1998 च्या अभ्यासातला आहे. फक्त मिरीशिवाय रक्तात कर्क्युमिन जेमतेम सापडत होतं. नगण्याची वीसपट होऊन होऊन किती होणार? शिवाय तपासलं ते निरोगी माणसांचं रक्त, सोरायसिसचे चट्टे नव्हेत.

'नैसर्गिक, म्हणून अपाय नाही.' आमटीतल्या हळदीला कुणाचीच हरकत नाही. पण मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली-अमेरिकेत आहेत. सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तर यकृतावर आधीच ताण असतो.

'डॉक्टर दडवतात.' काय बोलायचं! सोरायसिसवरचं जुनं औषध डायथ्रॅनॉल हे 'गोवा पावडर'चंच वंशज. ब्राझीलच्या झाडाची ही भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली, म्हणून ते नाव. आणि बावची या वनस्पतीत सापडणाऱ्या सोरालेन गटातलंच औषध देऊन अतिनील किरणांचा उपचार 1974 पासून होतोय. मात्रा मोजून, देखरेखीखाली.

राहिलं 'फेकून द्या'. स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर अंगभर लाली पसरू शकते, पू भरलेले फोड येऊ शकतात. शिवाय सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांचे सांधेही धरतात, आणि वाकडं झालेलं बोट नंतर कुठल्याच दुधाने सरळ होत नाही. सकाळी बोटं आखडत असतील, सुजत असतील, तर हे डॉक्टरांना आधी सांगा. हळदीच्या कॅप्सूल घेत असाल तर त्याही दाखवा.